डेल्टा बरोबर, वेगा शून्य: ऑप्शनची संवेदनशीलता-सूत्रं हाताने काढताना

"डेल्टा काढून दाखव" म्हटलं की बहुतेक वह्यांत एकच ओळ सापडते: ब्लॅक-शोल्सच्या किमतीच्या सूत्रात (ते टप्पा १ मध्ये आहे) शेअरच्या भावाला न(द१) ने गुणलंय, म्हणून डेल्टा म्हणजे न(द१). उत्तर बरोबर आहे, रीत साफ चुकलेली आहे. आणि उत्तर बरोबर असल्यामुळे चूक कुणाला दिसतच नाही. (डेल्टा म्हणजे शेअरचा भाव हलला की ऑप्शनची किंमत किती हलते तो दर.)

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझी एक खोली आहे, संध्याकाळी तिथे गणित-संख्याशास्त्राची मुलं बसतात. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, पंखा गरम वारा फेकत असताना, अशीच एक ओळ लिहिलेल्या मुलाला म्हटलं, "आता याच रीतीने वेगा काढ." त्याने सूत्रावरून दोनदा बोट फिरवलं. अस्थिरता कुठे सुटी दिसेना. मग म्हणाला, "सर, वेगा शून्य येतोय की."

वेगा शून्य म्हणजे अस्थिरता कितीही वाढली तरी ऑप्शनची किंमत हलणार नाही. असं असतं तर ऑप्शनच्या धंद्यात निम्मी भांडणं झालीच नसती.

हा लेख त्या एका चुकीसाठी आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या इतर चुकांसाठी आहे. चेन रूल, प्रॉडक्ट रूल आणि नॉर्मल वितरणाची तोंडओळख एवढी शिदोरी पुरे. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क. तो इथे युरोपीय पद्धतीचा धरलाय, म्हणजे समाप्तीच्या दिवशीच वापरता येणारा. एनएसईवरचे निफ्टीचे आणि शेअरचे ऑप्शन याच पद्धतीचे आहेत. शेअर लाभांश देत नाही असं तूर्त धरू. लाभांशाचं शेवटी पाहू.

## पूर्वतयारी: चिन्हं एकदाच ठरवा

वहीच्या वरच्या कोपऱ्यात ही यादी लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

भ = शेअरचा आजचा भाव
क = करारातला भाव, म्हणजे स्ट्राइक
र = व्याजाचा रेट, सतत चक्रवाढीचा, दशांशात
म = उरलेली मुदत, वर्षांत
अ = वार्षिक अस्थिरता, म्हणजे भाव किती जोराने वर-खाली होतो ते, दशांशात
कॉ, पु = कॉलची आणि पुटची किंमत
न(य) = प्रमाणित नॉर्मल वितरणात य च्या डावीकडचं एकूण क्षेत्रफळ
घ(य) = त्याच वितरणाची घनता, ई^(−य²/२) ÷ √(२·पाय)

र आणि म शेजारी आले की मुलं 'रम' वाचतात आणि हसतात, म्हणून मी मध्ये टिंब देतो: ई^(−र·म). तुम्हीही द्या. हसण्यापेक्षा मोठं कारण असं की गुणाकाराचं टिंब गाळलं की पुढे प्रॉडक्ट रूल लावायचं राहून जातं.

'लॉग' म्हणजे इथे नेहमी नैसर्गिक लॉग. कॅल्क्युलेटरवर त्याचं बटण 'एलएन' हे आहे. 'लॉग' लिहिलेलं बटण दहाच्या पायाचं असतं.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक पानावर वर लिहा: "काय हलतंय? काय थांबलंय?" डेल्टा काढताना फक्त भ हलतो. क, र, म, अ थांबलेले असतात. पण द१ आणि द२ थांबलेले नसतात, कारण त्यांच्या पोटात भ आहे. सगळी गडबड या एका वाक्यात आहे.

## टप्पा १: किमतीचं सूत्र मांडा, पण त्याला हात लावू नका

कॉ = भ·न(द१) − क·ई^(−र·म)·न(द२)

द१ = [लॉग(भ/क) + (र + अ²/२)·म] ÷ (अ√म)

द२ = द१ − अ√म

द२ चं लांबलचक सूत्र पाठ करू नका. शेवटची ओळच त्याची व्याख्या समजा. पुढे सगळं काम हीच ओळ करते.

जपा: द१ मध्ये अधिक अ²/२ असतं आणि द२ मध्ये उणे. दोन्ही वेगवेगळे पाठ करणाऱ्यांची चिन्हं परीक्षेत हमखास उलटी होतात. द१ लिहायचा, त्यातून अ√म वजा करायचं, संपलं.

## टप्पा २: कळीचं समीकरण आधी सिद्ध करा

इथे घाई करणारे पुढे तीन पानं घालवतात. कुठलंही अवकलन करण्याआधी हे समीकरण वहीत सिद्ध झालेलं असलं पाहिजे:

भ·घ(द१) = क·ई^(−र·म)·घ(द२)

सिद्धता पाच ओळींची आहे.

पहिली: घ(द२) मध्ये द२ च्या जागी द१ − अ√म घाला. घातांक होतो −(द१ − अ√म)²/२.

दुसरी: वर्ग मोडा. −द१²/२ + द१·अ√म − अ²·म/२.

तिसरी: पहिलं पद घ(द१) मध्ये जातं. म्हणून घ(द२) = घ(द१) × ई^(द१·अ√म − अ²·म/२).

चौथी: आता द१·अ√म म्हणजे काय? द१ च्या व्याख्येत भागाकाराला अ√म आहे, तो उडतो. उरतं लॉग(भ/क) + र·म + अ²·म/२. त्यातून अ²·म/२ वजा केलं की घातांकात फक्त लॉग(भ/क) + र·म शिल्लक राहतं.

पाचवी: म्हणून घ(द२) = घ(द१) × (भ/क) × ई^(र·म). दोन्ही बाजूंना क·ई^(−र·म) ने गुणा.

चौथ्या ओळीत अ²·म/२ कटतं ते योगायोगाने नाही. पण कटलं नाही, तर द१ मधलं चिन्ह चुकलंय हे नक्की. तिथूनच मागे फिरा.

माझ्याकडे एक मुलगा येतो, त्याच्या घरी यंत्रमाग आहे. हा टप्पा शिकवल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ताणा आधी भरून घ्यायचा." तेच. ताणा न भरता माग सुरू केला तर बाणा जाणार कुठून?

ताळा: भ = १००, क = १००, र = ०.०५, म = १, अ = ०.२० घ्या. द१ = ०.३५ आणि द२ = ०.१५ येतात. घ(०.३५) = ०.३७५२, घ(०.१५) = ०.३९४५, ई^(−०.०५) = ०.९५१२. डावी बाजू १०० × ०.३७५२ = ३७.५२. उजवी ९५.१२ × ०.३९४५, तीही ३७.५२. हेच आकडे लेखभर वापरणार आहोत, त्यामुळे वहीत ठेवा.

## टप्पा ३: उघडा भाग आणि लपलेला भाग

पाचही सूत्रं वेगवेगळी काढायला बसू नका. आधी एकदाच सर्वसाधारण ओळ काढा.

समजा प हे भ, र, म, अ यांपैकी कुठलंही एक चिन्ह आहे. प हललं की किंमत दोन वाटांनी हलते. एक वाट उघडी: भ, किंवा क·ई^(−र·म), हे स्वतः बदलतात. दुसरी लपलेली: द१ आणि द२ बदलतात, म्हणून न(द१) आणि न(द२) बदलतात. चेन रूलने लपलेला भाग असा:

भ·घ(द१)·∂द१/∂प − क·ई^(−र·म)·घ(द२)·∂द२/∂प

कळीच्या समीकरणाने दुसऱ्या पदातला क·ई^(−र·म)·घ(द२) म्हणजेच भ·घ(द१). तो बाहेर काढा:

लपलेला भाग = भ·घ(द१) × ∂(द१ − द२)/∂प

आणि द१ − द२ = अ√म. म्हणून:

लपलेला भाग = भ·घ(द१) × ∂(अ√म)/∂प

या ओळीभोवती चौकट आखा. अ√म मध्ये भ नाही, क नाही, र नाही. या तिघांपैकी कुणीही हललं तरी लपलेला भाग शून्य. म्हणूनच डेल्टा आणि ऱ्हो (व्याजाचा रेट हलला की किंमत किती हलते) 'वरवर बघून' बरोबर येतात. अ आणि म मात्र तिथे ठाण मांडून बसलेत, त्यामुळे वेगा आणि थीटा (दिवस सरतील तशी किंमत किती हलते) त्या रीतीने कधीच बरोबर येणार नाहीत. चुकीच्या रीतीला बरोबर उत्तर का आलं याचं उत्तर सापडलं नाही, तर ती रीत मुलांच्या डोक्यातून जात नाही. मी तरी आता हा टप्पा गाळत नाही, कितीही उशीर झालेला असो.

जपा: ∂द१/∂अ किंवा ∂द१/∂म वेगवेगळे काढू नका. येतात ते, पण लांबलचक. दोघांच्या वजाबाकीचीच गरज आहे आणि ती दोन अक्षरांची आहे.

## टप्पा ४: डेल्टा

काय हलतंय? भ. उघडा भाग: भ·न(द१) मधला भ हलला, न(द१) मिळालं. दुसऱ्या पदात उघडा भ नाही. लपलेला भाग शून्य.

डेल्टा = न(द१)

आपल्या आकड्यांत ०.६३६८. परीक्षेत लिहिताना "लपलेला भाग शून्य, कारण अ√म भ वर अवलंबून नाही" हे वाक्य लिहाच. मार्क त्याचे असतात.

जपा: आपल्याकडच्या संख्याशास्त्राच्या तक्त्यांत बरेचदा शून्यापासून य पर्यंतचं क्षेत्रफळ छापलेलं असतं, डावीकडचं एकूण नाही. ०.३५ समोर ०.१३६८ दिसलं तर तो तसला तक्ता आहे, त्यात ०.५ मिळवा. कॉलच्या द१ ला शून्यापेक्षा मोठी किंमत असून डेल्टा अर्ध्यापेक्षा कमी येत असेल, तर हेच झालंय.

## टप्पा ५: गॅमा

गॅमा म्हणजे डेल्टाचं भ च्या संदर्भात अवकलन. पुन्हा कॉ पासून सुरुवात करू नका. सोपा झालेला न(द१) घ्या.

∂न(द१)/∂भ = घ(द१) × ∂द१/∂भ

लॉग(भ/क) चं अवकलन १/भ. क खाली आहे म्हणून क/भ लिहिणारे खूप भेटतात. लॉग(भ/क) = लॉग भ − लॉग क असं मोडा, शंकाच राहणार नाही. म्हणून ∂द१/∂भ = १ ÷ (भ·अ·√म), आणि

गॅमा = घ(द१) ÷ (भ·अ·√म)

आकड्यांत ०.३७५२ ÷ २० = ०.०१८७६.

ताळा: गॅमाचं एकक '१ ÷ रुपया' असलं पाहिजे. सूत्राच्या खाली भ नसेल तर चेन रूल अर्धवट सोडलाय.

## टप्पा ६: वेगा

आता तो शून्य वेगा. काय हलतंय? अ. उघडा भाग खरोखरच शून्य आहे, तो मुलगा तिथवर बरोबर होता. लपलेला भाग: ∂(अ√म)/∂अ = √म.

वेगा = भ·घ(द१)·√म

आकड्यांत ३७.५२. इथे लोक दचकतात. दहा रुपये पंचेचाळीस पैशांच्या (आपल्या आकड्यांत कॉ तेवढी येते) ऑप्शनचा वेगा साडेसदतीस? हो, कारण तो अस्थिरता ०.२० वरून १.२० झाली तर या हिशेबाचा दर आहे. अस्थिरता एका टक्क्याने, म्हणजे २० टक्क्यांवरून २१ वर गेली, तर शंभराने भागा: ०.३७५२ रुपये, साधारण साडेसदतीस पैसे. ब्रोकरच्या पडद्यावर सहसा हा शंभराने भागलेला आकडा दिसतो. तुमचं सूत्र आणि पडदा जुळत नसेल तर आधी शंभरकडे बघा, मग स्वतःच्या गणितावर शंका घ्या.

ताळा: वेगा = भ² × गॅमा × अ × म. आपल्या आकड्यांत १०००० × ०.०१८७६ × ०.२ × १ = ३७.५२. दोन सूत्रं वेगवेगळ्या वाटांनी काढली आणि इथे भेटली, तर दोन्ही बरोबर असण्याची शक्यता मोठी.

## टप्पा ७: थीटा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून.

पहिला गोंधळ दिशेचा. सूत्रात म आहे, म्हणजे उरलेली मुदत. थीटा विचारतो, आजची तारीख पुढे सरकली तर काय. तारीख पुढे गेली की म कमी होतो. म्हणून आधी ∂कॉ/∂म काढायचं आणि शेवटी, अगदी शेवटच्या ओळीत, उणे लावायचं. मध्येच उणे लावणारे एका पदाला लावतात आणि दुसऱ्याला विसरतात.

उघडा भाग: म उघडा फक्त ई^(−र·म) मध्ये आहे. −क·ई^(−र·म)·न(द२) चं म च्या संदर्भात अवकलन केलं की घातांकातून −र खाली येतो. उणे गुणिले उणे अधिक. मिळतं +र·क·ई^(−र·म)·न(द२).

लपलेला भाग: ∂(अ√म)/∂म = अ ÷ (२√म). म्हणून भ·घ(द१)·अ ÷ (२√म).

बेरीज करा, उणे लावा:

थीटा = −भ·घ(द१)·अ ÷ (२√म) − र·क·ई^(−र·म)·न(द२)

आकड्यांत पहिलं पद −३.७५२, दुसरं −२.६६२, एकूण −६.४१४. लपलेला भाग विसरणाऱ्याला −२.६६ येतं. चिन्ह बरोबर, आकार बरा वाटेल असा, आणि निम्म्याहून जास्त थीटा गायब. शून्य वेगा निदान डोळ्यांत खुपतो. हा खुपत नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

दुसरा गोंधळ एककाचा. −६.४१४ हा वर्षाचा दर आहे. ३६५ ने भागला की −०.०१७६, म्हणजे रोज साधारण पावणेदोन पैसे. काहीजण बाजाराचे दिवस धरून २५२ ने भागतात. दोन्ही चालतं, पण म ज्या दिवसांनी मोजला त्याच दिवसांनी थीटा भागायचा. मुदत ३६५ च्या हिशेबाने आणि थीटा २५२ च्या, ही खिचडी मी कामावर रुजू झालेल्या मुलांच्या शीटमध्येही पाहिली आहे.

ताळा: हा सगळ्यात दणकट ताळा आहे. ब्लॅक-शोल्सचं मूळ समीकरण सांगतं:

थीटा + (१/२)·अ²·भ²·गॅमा + र·भ·डेल्टा − र·कॉ = ०

आकडे घाला. कॉ = १०.४५०६. मग −६.४१४० + ३.७५२४ + ३.१८४२ − ०.५२२५. उरतं ०.०००१, तेही राउंडिंगमुळे. चार सूत्रं एका ओळीत तपासली जातात. यात थीटा वर्षाचाच घालायचा, रोजचा नाही.

## टप्पा ८: ऱ्हो

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. र उघडा फक्त ई^(−र·म) मध्ये आहे, घातांकातून −म खाली येतो, लपलेला भाग शून्य.

ऱ्हो = क·म·ई^(−र·म)·न(द२)

आकड्यांत ५३.२३, व्याज एका टक्क्याने वाढलं तर ५३ पैसे.

## टप्पा ९: पुटची सूत्रं पुन्हा काढू नका

पुटसाठी पहिल्यापासून सगळं करणारी वही मी पाहिली की मला त्या मुलाच्या कष्टांचं वाईट वाटतं. पुट-कॉल पॅरिटी, म्हणजे एकाच स्ट्राइकच्या आणि मुदतीच्या कॉल-पुटच्या किमतींमधलं नातं, आहे:

पु = कॉ − भ + क·ई^(−र·म)

आता प्रत्येक चिन्हाने उजवी बाजू अवकलित करा.

डेल्टा: न(द१) − १. आपल्या आकड्यांत −०.३६३२.

गॅमा आणि वेगा: कॉलचेच. भ चं दुसरं अवकलन शून्य आणि पॅरिटीच्या जादा पदांत अ नाही.

थीटा: कॉलचा थीटा + र·क·ई^(−र·म). इथेही म आणि तारखेच्या दिशेमुळे चिन्ह बदलतं. ∂/∂म ने −र·क·ई^(−र·म) आलं, उणे लावल्यावर अधिक झालं.

ऱ्हो: −क·म·ई^(−र·म)·न(−द२). कॉलच्या ऱ्होमधून क·म·ई^(−र·म) वजा केलं आणि १ − न(द२) = न(−द२) वापरलं.

जपा: पुटचा थीटा अधिक येऊ शकतो. भाव स्ट्राइकच्या खूप खाली असेल आणि व्याजदर अधिक असेल तर येतोच. ते बघून चिन्ह बदलू नका. लाभांश नसलेल्या शेअरच्या कॉलचा थीटा मात्र, व्याजदर शून्य किंवा अधिक असताना, अधिक आला तर चूक तुमचीच आहे.

## टप्पा १०: आकड्यांनी धक्का देऊन बघा

सूत्र बरोबर की चूक हे स्प्रेडशीटला विचारा. तिला कॅल्क्युलस येत नाही, म्हणून ती तुमच्या चुकीत सामील होत नाही.

भ = १०१ घेऊन कॉ काढा: ११.०९६७. भ = ९९ घेऊन काढा: ९.८२३२. फरकाला दोनने भागा: ०.६३६७. सूत्राचा डेल्टा ०.६३६८. जमलं.

दोन्ही बाजूंनी धक्का द्या, एकाच बाजूने नाही. फक्त १०१ वरून १०० वजा केलं तर ०.६४६१ येतं, त्यात अर्धा गॅमा मिसळलेला असतो आणि मुलं सूत्रात चूक शोधत बसतात.

गॅमासाठी ११.०९६७ + ९.८२३२ − २ × १०.४५०६ = ०.०१८७. ठीक. पण किमती पैशांपर्यंत, म्हणजे दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवल्या तर ११.१० + ९.८२ − २०.९० = ०.०२ येतं, आणि त्यातला अंक राउंडिंगचा आहे की गॅमाचा हे कळायला मार्ग नाही. पाऊल आणखी लहान केलं, भाव एका पैशाने हलवला, तर चार दशांश स्थळांतही गॅमा दिसेनासा होतो. अचूकता वाढावी म्हणून पाऊल अतिबारीक करणं ही हुशार मुलांची चूक आहे.

आणि एक सापळा मीच वर लावून ठेवलाय. भ आणि क दोन्ही १०० असल्यामुळे लॉग(भ/क) शून्य आहे. कॅल्क्युलेटरचं चुकीचं बटण दाबलं तरी उत्तर बरोबरच येणार! म्हणून दुसरा संच भ = ११० घेऊन चालवा. नैसर्गिक लॉगने द१ = ०.८२६६ येतो. दहाच्या लॉगने ०.५५७० येतो. तुमच्याकडे दुसरा आकडा आला तर आधीचे सगळे ताळे जमूनही शीट चुकलेली आहे.

## लाभांश आणि फ्युचर्स आले तर

सतत लाभांशाचा दर ल असेल तर किमतीच्या सूत्रात सुट्या भ च्या जागी भ·ई^(−ल·म) येतो, आणि द१ मध्ये भ तसाच ठेवून र च्या जागी र − ल. कळीचं समीकरण होतं भ·ई^(−ल·म)·घ(द१) = क·ई^(−र·म)·घ(द२). ते पुन्हा सिद्ध करा. तीच पाच पावलं. डेल्टा होतो ई^(−ल·म)·न(द१). थीटामध्ये म आता दोन ठिकाणी उघडा आहे, म्हणून +ल·भ·ई^(−ल·म)·न(द१) हे तिसरं पद येतं. विसरलं जातं ते हेच.

फ्युचर्सवरच्या ऑप्शनला, जसे एमसीएक्स या कमोडिटी बाजारावरचे कच्च्या तेलाचे, सूत्र वेगळं (फ = फ्युचर्सचा आजचा भाव):

कॉ = ई^(−र·म)·[फ·न(द१) − क·न(द२)]

द१ मध्ये र च नाही: [लॉग(फ/क) + अ²·म/२] ÷ (अ√म). फ स्थिर धरून र हलवला तर फक्त बाहेरचा ई^(−र·म) हलतो, म्हणून ऱ्हो = −म·कॉ. उणे! शेअरच्या ऑप्शनचा अधिक ऱ्हो इथे उचलून चिकटवणाऱ्यांना निदान चिन्ह तरी खटकायला हवं.

## पुढची पायरी: दुसऱ्या फळीतली सूत्रं

आता मात्र ∂द१/∂अ सुटं लागतं. ते −द२/अ येतं. (द१ = [लॉग(भ/क) + र·म] ÷ (अ√म) + अ√म/२ असं मोडून अवकलन करा, मग दोन ओळींत दिसतं.) शिवाय घ चं अवकलन −य·घ(य), यातलं उणे गिळू नका.

व्होल्गा, म्हणजे वेगाचं अ च्या संदर्भात अवकलन: भ·√म × (−द१·घ(द१)) × (−द२/अ). दोन उणे मिळून अधिक:

व्होल्गा = वेगा·द१·द२ ÷ अ

व्हॅना, म्हणजे डेल्टाचं अ च्या संदर्भात अवकलन: घ(द१) × (−द२/अ) = −घ(द१)·द२ ÷ अ. आकड्यांत −०.३७५२ × ०.१५ ÷ ०.२ = −०.२८१४.

हेच वेगाचं भ च्या संदर्भात अवकलन करूनही आलं पाहिजे, कारण अवकलनाचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही. भ·घ(द१)·√म ला प्रॉडक्ट रूल लावा: √म·घ(द१) − द१·घ(द१)/अ. घ(द१)/अ बाहेर काढा, कंसात उरतं अ√म − द१, आणि ते म्हणजे −द२. इथे कंसात नुसतं −द१ उरलं असेल, तर भ आणि घ(द१) या दोघांपैकी तुम्ही फक्त घ(द१) हलवलाय, सुटा भ तसाच राहिलाय.